हाफ इंजिनच्या बिलातली ऐंशी रुपयांची ओळ

प्रश्न : आमची टाटा १६१३ आहे, २०१२ची, सहाचाकी. मिस्टर चालवतात, हिशेबाची वही माझ्याकडे असते. दिवाळीपासून ऊस, त्यानंतर पावसापर्यंत वीट, मध्ये मध्ये बेदाणा आणि पशुखाद्य. महिन्याला चार हजार किलोमीटर होतात. दोन वर्षांपूर्वी हाफ इंजिन केलं, म्हणजे इंजिन वरवर उघडून रिंगा-शेल बदलले, ५८ हजार गेले. सव्वा वर्ष बरं चाललं. आता सकाळी स्टार्ट केली की निळा धूर, तीनशे किलोमीटरला लिटरभर ऑइल, चढाला गाडी ओढत नाही. ॲव्हरेज ४.६ होतं ते ३.९वर आलंय. सगळं जाऊन महिन्याला ३४-३५ हजार उरायचे, आता १६-१७. मिस्त्री म्हणतात फुल इंजिन काम काढा, म्हणजे सगळं इंजिन उतरवून बांधा, १ लाख ७० हजार. दिरांच्या ओळखीचा एक जण भंगारात निघालेल्या गाडीचं इंजिन १ लाख १५ हजारांत बसवून देतो म्हणतो. कंपनीचं रिकंडिशन्ड इंजिन विचारलं तर ३ लाखांच्या वर. दीर म्हणतात, विका आणि नवी काढा. मिस्त्रींना खोलात विचारायला गेले तर म्हणाले, ‘ताई, तुम्हाला त्यातलं कळायचं नाही.’ जुन्या बिलाची नक्कल देते : रिंग सेट, कनेक्टिंग शेल, पॅकिंग किट, व्हॉल्व्ह लॅपिंग, ऑइल-फिल्टर, फिटिंग मजुरी, एअर पाइप जोड ८०. काय करावं?
– एक वाचक, तासगाव तालुका

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा नजर अडकली ती त्या बिलाच्या शेवटच्या ओळीवर. एअर पाइप जोड, ८०.

एअर क्लीनरकडून टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे, जो जाड रबरी पाइप जातो, तो हा. दहा-बारा वर्षांचं रबर, इंजिन उघडताना ओढलं की चिरतं. ऐंशी रुपयांत नवा पाइप येत नाही. ऐंशी रुपयांत टायरच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दोन क्लिपा आवळून मिळतात. तसंच झालं असणार असा माझा संशय आहे आणि तो खरा की खोटा हे तुम्ही आज संध्याकाळी दारात उभ्या गाडीवर पाहू शकता. मिस्टरांना बॉनेट उघडायला सांगा. पट्टी असली तर पाइप काढा, टर्बोच्या तोंडाकडच्या भागात पांढरा रुमाल घालून आतून फिरवा. रुमालावर तांबूस बारीक भुकटी आली, की तुमच्या इंजिनानं दोन वर्षं वीटभट्टीची धूळ खाल्ली. फिल्टर कितीही चांगला घाला, ही फट फिल्टरच्या पुढे, टर्बोच्या बाजूला आहे. तिथून आत गेलेली माती ऑइलमध्ये मिसळते आणि पिस्टनवरच्या रिंगा, पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो लायनर, इंजिनाचा मुख्य दांडा म्हणजे क्रँक ज्यांवर फिरते ते शेल, सगळं पॉलिश पेपरनं घासल्यासारखं घासत राहते. उसाच्या फडातला रस्ता आणि भट्टीचं आवार, दोन्ही ठिकाणी तुमची गाडी रोज. इंजिनाला याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही.

उद्या तुम्ही दोन लाख घालून इंजिन बांधलंत आणि पट्टी तशीच राहिली, तर दोन वर्षांनी मला पुन्हा हेच पत्र लिहाल. म्हणून आधी पाइप, मग बाकीचं बोलू.

बिलात काय आहे हे पाहिलं, आता काय नाही तेही पाहा. लेथचं बिल नाही. बोरिंग नाही, होनिंग नाही, लायनर आतून कापून-घासून सारखा केलेला नाही. म्हणजे झिजलेल्या लायनरमध्ये नव्या रिंगा घालून इंजिन बंद केलं. लायनर वरच्या बाजूला, जिथं वरची रिंग पोचून परत फिरते तिथं, सगळ्यात जास्त खातो आणि तिथं एक कड तयार होते. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढल्यावर आत बोट घालून नख वर ओढलं की ते कडेवर अडतं. नख जोरात अडत असेल तर नव्या रिंगा घालणं म्हणजे भोकाच्या बादलीला नवी कडी लावणं. सव्वा वर्ष बरं गेलं हेच पुष्कळ.

तुमच्या मॉडेलला बहुतेक टाटाचं ६९७ इंजिन असेल. कमिन्सही आलेलं आहे, आरसी आणि ब्लॉकवरची प्लेट बघून खात्री करा, कारण किट वेगळं. ६९७ हे नाव सोपं आहे : सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १२८, एकूण ५,६७५ सीसी. मर्सिडीजच्या जुन्या ओएम ३५२ इंजिनाचं बोअर-स्ट्रोकही अगदी हेच. टाटा आणि मर्सिडीजचा करार १९५४ ते १९६९ होता, त्या काळाचा वारसा अजून आपल्या रस्त्यांवर धावतोय. याचा फायदा तुम्हाला असा की या इंजिनाला हात न लावलेला मिस्त्री आपल्याकडे सापडायचा नाही आणि पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात. जुनं इंजिन बांधावं का, या प्रश्नात ही गोष्ट अर्धं उत्तर देते.

तरी उतरवण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या, त्याला अर्धा दिवस लागतो. इंजिन गरम करून चालू ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढून त्याच भोकावर उलटं ठेवा. जागेवर थरथरलं तर ठीक. नाचत खाली पडलं आणि मागोमाग वाफारा आला तर रिंगांमधून दाब खाली येतोय. दुसरं, निळा धूर टर्बोचं सील गेल्यानंही येतो. टर्बोची दांडी बोटांनी वर-खाली हलते का, टर्बोतली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपात ऑइल साचलंय का, ते बघायला सांगा. तिसरं, डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि वासाला डिझेल येत असेल तर डिझेल फवारणारं नोझल किंवा डिझेलचा पंप बघायचा. तुमचं ऑइल कमी होतंय, तेव्हा हे तिसरं बहुधा नसेल. पण नुसता टर्बो गेलेला असताना लोकांनी सबंध इंजिन उघडलेलं मी पाहिलंय.

आता वहीकडे येतो. ताई, अशी वही ठेवणारं माणूस दहा गाड्यांमागे एक मिळत नाही.

चार हजार किलोमीटरला ४.६च्या ॲव्हरेजनं ८७० लिटर डिझेल लागायचं. ३.९ला ते १,०२५ लागतं. दीडशेच्या वर लिटर जास्त; नव्वद रुपयांचा भाव धरला तर चौदा हजार. तीनशे किलोमीटरला लिटर म्हणजे महिन्याला तेराएक लिटर ऑइल, तीनशे रुपये लिटर धरून चार हजार. झाले अठरा. तुमच्या वहीत ३५चे १७ झालेत, तेही अठराच. बाहेर कुठं पैसा गळत नाही, सगळा इंजिनातून जातोय. याचा अर्थ काहीच न करणं हाही एक पर्याय आहे आणि त्याची किंमत महिन्याला १८ हजार आहे.

मिस्त्रींचे एक लाख सत्तर हा आकडा मला खोटा वाटत नाही, अपुरा वाटतो. अंदाजात लायनर-पिस्टन किट, शेल, हेडचं काम, क्रँक ग्राइंडिंग, मजुरी धरली असेल. पण पंप आणि नोझल कॅलिब्रेट करायचेत का? ऑइल पंप, ऑइल कूलर? टर्बोचा कोअर? इंजिन उतरलेलंच आहे तर क्लचप्लेट आणि फाउंडेशनची रबरं आत्ताच बदलायची, नंतर पुन्हा गिअरबॉक्स मागं ओढायची मजुरी कोण देणार? थर्मोस्टॅट, होज पाइप, कूलंट, पहिल्या हजार किलोमीटरनंतर लगेच बदलायचं दुसरं ऑइल. आणि रेडिएटर. मी साठ हजार वर धरीन, म्हणजे दोन लाख तीस. तेवढी तयारी नसेल तर उघडू नका, कारण उघडलेलं इंजिन पैशासाठी पत्र्याखाली पडून राहिलं की त्याचे पार्ट हळूहळू दुसऱ्या गाड्यांत जातात.

रेडिएटरचं नाव शेवटी घेतलं, त्यामागे माझी एक जखम आहे. माझ्या पहिल्या गाडीचं इंजिन बांधलं तेव्हा हात आखडला होता. रेडिएटर खोलून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून सफाई, करायचे साडेतीन हजार वाचवले. वर्कशॉपवाल्यानंही ‘पाणी खेळतंय, चालेल’ म्हणून होकार भरला. पुढच्याच महिन्यात खंबाटकीच्या चढाला काटा लाल पट्टीत गेला, मी ‘माथा आला’ म्हणत रेटली आणि हेड वाकलं. हेड, गॅस्केट, दोन पिस्टन. साडेतीन हजारांच्या जागी मोजले ते आकडे घरात अजून कुणाला सांगितलेले नाहीत.

आता दिरांच्या ओळखीचं १ लाख १५ हजारांचं इंजिन. माझं मन याच्या विरुद्ध आहे. भंगारातल्या गाडीचं इंजिन म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी न पाहिलेली ऐंशी रुपयांची ओळ. डिझेलनं धुऊन, चंदेरी रंग मारून ठेवलेलं असतं आणि ‘दोन लाखच चाललंय’ हे वाक्य त्या रंगाबरोबर फुकट येतं. घ्यायचंच झालं तर थंड असताना स्टार्ट करून दाखवा म्हणावं. तुम्ही पोचायच्या आधी गरम करून ठेवलं असेल तर तिथूनच परत फिरा. ऑइल संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, खाली उतरवून एक कनेक्टिंग आणि एक मेनची कॅप काढायला लावा. शेल राखाडी असला तर बरं, राखाडी थर जाऊन तांबं दिसत असलं तर तेही इंजिन बांधायलाच आलंय. मग तुम्ही १ लाख १५ हजार देऊन तुमच्याकडे आहे तेच विकत घेतलंत.

याहून मोठी अडचण कागदाची आहे. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच आरसीवर. तुमचंच इंजिन बांधलं, ब्लॉक तोच राहिला, तर कागद जसेच्या तसे. दुसरा ब्लॉक आला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं : आरटीओची मंजुरी, बदलाची नोंद, आरसीवर नवा नंबर, विमा कंपनीला कळवणं. त्यासाठी इंजिनाचं पक्कं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद हवा. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून खिळासुद्धा घेऊ नका. चोरीच्या गाडीचा ब्लॉक निघाला तर पोलीस मिस्टरांना धरतील, त्या ओळखीच्या माणसाला नाही. आणि अपघात झाला, सर्व्हेअरनं नंबर ताडला, की क्लेम गेला.

कंपनीचं रिकंडिशन्ड इंजिन चांगली गोष्ट आहे. टाटांची प्रोलाइफ नावाची योजना आहे, जुनं इंजिन जमा करून तयार केलेलं इंजिन वॉरंटीसह मिळतं. ज्याची गाडी रोज मुंबई-बेंगळुरू धावते आणि एक दिवस उभी राहिली तर पार्टी तुटते, त्याला ते परवडतं. तुमच्या चार हजार किलोमीटरला ते वसूल व्हायला फार वेळ लागेल. एकच प्रसंग मी मानतो : उघडल्यावर ब्लॉकलाच तडा निघाला किंवा क्रँक ग्राइंडिंगच्या पलीकडे गेली. तेव्हा विचारा, पण तडा गेलेलं इंजिन ते किती किमतीत जमा करून घेतात हे आधी लेखी घ्या.

नवी गाडी? वीस लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, पाच वर्षं, हप्ता त्रेचाळीस हजार. तुमच्या चांगल्या दिवसांत ३५ उरायचे. नव्या गाडीला ॲव्हरेज थोडं बरं मिळेल, दुरुस्ती कमी लागेल, सगळं मान्य. पण पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत भट्ट्या बंद, कारखाना बंद आणि हप्ता मात्र चालू. दीर हप्त्याला जामीन राहणार आहेत का, एवढंच प्रेमानं विचारा.

मग बांधायचंच, असं लिहून मी मोकळा झालो असतो. पण दोन लाख तीस हजार घालायच्या आधी गाडी तेवढी उरली आहे का हे बघायला हवं. उसाच्या गाडीला चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, मार खाते. स्प्रिंगच्या हँगरपाशी, क्रॉस मेंबरच्या रिबिटांपाशी वायर ब्रश मारून केसासारखा तडा दिसतो का बघा. पूर्वी वेल्डिंग करून वरून काळा रंग दिलेली जागाही तडाच समजा. केबिनचा पत्रा फ्लोअरला किती खाल्लाय? गाडी आठ वर्षांची झाल्यापासून फिटनेस दरवर्षी करता, तेव्हा हे तुम्हाला ठाऊक असेलच. २०२७ला पंधरा पूर्ण होतील. पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांची फिटनेस फी एप्रिल २०२२पासून कित्येक पटींनी वाढली आहे, आजचा आकडा परिवहनच्या पोर्टलवर बघून वहीत मांडून ठेवा. दोन ॲक्सलच्या गाडीला नॅशनल परमिट बारा वर्षांपर्यंतच मिळतं, ते तुमचं संपलं. तेव्हा विजापूरकडचं भाडं कुणी देऊ केलं तरी हिशेबात धरू नका. ऊस, वीट, बेदाणा, सगळं राज्यातलंच आहे, म्हणून तुमचं अडत नाही.

चॅसी शाबूत असेल आणि गाडी आणखी तीन वर्षं चालणार असेल तर दोन लाख तीस भागिले छत्तीस, महिन्याला ६,४०० पडतात. वाचतात अठरा. तेरा महिन्यांत खर्च निघतो. चॅसी गेली असेल तर एक रुपयाही इंजिनात घालू नका, आहे तशी विका.

आता ‘तुम्हाला कळायचं नाही’ याबद्दल. मिस्त्री बदलायची गरज नाही, पद्धत बदला. काम दोन भागांत ठरवा. पहिला भाग : उतरवणं, उघडणं, धुणं, मापं घेणं, त्याची मजुरी वेगळी ठरवून द्या. दुसरा भाग मापं हातात आल्यावर. तोवर किट घ्यायचं नाही. सहा सिलिंडर, प्रत्येकात बोअर गेज तीन उंचीवर, उभं आणि आडवं, छत्तीस आकडे. क्रँकचे सात मेन आणि सहा कनेक्टिंग जर्नल, म्हणजे शेलमध्ये फिरणारे गोल भाग, मायक्रोमीटरनं. ग्राइंडिंग दहा, वीस, तीस अशा नंबरनं पुढे जातं, एक पायरी म्हणजे पाव मिलिमीटर. तुमची आधी किती झाली आहे हे निघालेल्या शेलच्या पाठीवर छापलेलं असतं. तो शेल घरी घेऊन या. ग्राइंडिंगवाल्याला जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई ठेवायला सांगा. काटकोनात कापली की क्रँक पुढं तिथंच तुटते. सांगली-मिरजेत बोरिंगवाले आहेतच, पण कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर तुमच्यापासून लांब नाही. शेतीची ऑइल इंजिनं घडवलेली ती वस्ती आहे, माप तिथल्या हातांत आहे. वही घेऊन स्वतः जा. आकडे लिहून घेणाऱ्या माणसासमोर कारागीर नीट वागतो, बाई असो वा बुवा.

पार्टची बिलं दुकानाची घ्या, मिस्त्रीच्या चिठ्ठीवर नको. रिंगा आणि शेल चांगल्या कंपनीचेच. लोकल चालवायचं तर पॅकिंगची रबरंसुद्धा नको, फार तर नट-बोल्ट. जुने पिस्टन, शेल, लायनर मोजून परत मागा. भंगाराचे पैसे मिळतात आणि खरंच बदललंय हेही कळतं.

पाऊस लागलाय, भट्ट्या बंद आहेत, लेथवाल्यांकडे गर्दी नाही. आषाढ-श्रावणात हे उरकलं तर दिवाळीआधी गाडी दोन हजार किलोमीटर फिरलेली असेल. पशुखाद्य, बेदाणा असा अर्धा-पाऊण लोड घाला, एकाच वेगात दामटू नका. आणि तासन्‌तास न्यूट्रलवर चालू ठेवून इंजिन ‘मोकळं’ करायची जुनी पद्धत मिस्टरांच्या डोक्यात असेल तर काढून टाका. त्यानं रिंगा बसत नाहीत, लायनर काचेसारखा होतो आणि ऑइल पुन्हा खायला लागतं. थेट उसाच्या ओव्हरलोडला जुंपलीत तर मात्र मला दोष देऊ नका.

रुमालाचं काय झालं ते कळवा. आणि इंजिन उघडल्यावर पहिल्या सिलिंडरची सहा मापं पाठवा, ती बघितल्याशिवाय किटचा ॲडव्हान्स देऊ नका.